गावठी कोंबडी आणि स्लो कुकर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीनंतर, नोव्हेंबरात घेतलेला साडेतीन लिटरचा स्लो कुकर, म्हणजे मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणारे विजेचे भांडे, आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात आता आठ महिने नियमित चालू आहे. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा त्यात कोंबडी शिजते. तीसचाळीस वेळा शिजवून झाल्यावर मी हा अनुभव लिहीत आहे, आणि माझे मत सुरुवातीलाच सांगते : हे भांडे गावठी कोंबडीसाठी घ्यावे. केवळ ब्रॉयलरसाठी ते घेण्याची गरज नाही, आणि स्वयंपाकाचे श्रम कमी होतील या अपेक्षेने तर मुळीच घेऊ नये.

घेण्यामागचे कारण आमच्या सासूबाई. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि वरच्या दातांची कवळी आहे. ब्रॉयलरच्या रश्शाला त्यांच्या लेखी चव नाही, आणि गावठी कोंबडीचे मांस त्यांना चाववत नाही. मी सकाळी साडेनवाला कामावर जाते ती सहाच्या सुमारास परतते, त्यामुळे मंद आचेजवळ तीन तास बसणे केवळ रविवारीच जमते. प्रेशर कुकरमध्ये मी अनेकदा प्रयत्न केले. दाबाखाली आतले तापमान ११५ ते १२० अंशांपर्यंत जाते, त्यामुळे वेळ वाचतो हे खरे. पण जून कोंबडीचे मांस त्यात बाहेरून धाग्याधाग्याने सुटते आणि आतून कोरडे राहते. चार शिट्ट्या कमी पडतात, सहा झाल्या की छातीचे तुकडे भुशासारखे होतात, आणि नेमके कुठे थांबायचे ते झाकण उघडून पाहता येत नाही.

स्लो कुकरची रचना अगदी साधी आहे. बाहेर धातूचे आवरण, त्याच्या आत तापणारी तार, त्यात बसणारे जाड चिनी मातीचे भांडे आणि वर काचेचे झाकण. तीन खुणांचे एकच बटण आहे : लो, हाय आणि वॉर्म. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ते निरखून पाहिले आणि हा तर चुलीचा वैल झाला, असे म्हणाल्या. मुख्य चुलीवर भात उतरला की रश्शाचे मडके बाजूच्या वैलावर सरकवायचे आणि निखाऱ्यांच्या धगीवर दुपारपर्यंत राहू द्यायचे, ही त्यांच्या तरुणपणची रीत. या भांड्याचा उगमही अशाच एका रीतीत आहे. आयर्विंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाला १९४० साली अशा विजेच्या भांड्याचे पेटंट मिळाले, आणि त्याला ते सुचले आईने सांगितलेल्या लिथुआनियातील एका ज्यू पदार्थावरून. शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवायचा नसतो, म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी कडधान्य, मांस आणि भाज्यांचे मडके बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी काढून खायचे, असा तो पदार्थ. पुढे रायव्हल कंपनीने १९७१ साली तेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. वैलाशी असलेले हे नाते कळल्यापासून या भांड्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे मला अधिक नीट समजले.

पहिले दोन महिने मी चुकाच केल्या. ब्रॉयलर सकाळी लावून संध्याकाळी उघडली तर मांस हाडांवरून उतरून रश्शात विरघळलेले आणि बरगड्यांची बारीक हाडे सुटी होऊन तळाशी बसलेली. लहान मुलांच्या ताटात अशी हाडे जाणे धोक्याचे आहे. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांची असते. तिच्या अंगात मुरलेले असे काही नसतेच, म्हणून लोवर साडेतीन ते चार तासांत ती शिजून जाते आणि आठ तास बाहेर असणाऱ्या माणसाच्या दिवसात ती बसत नाही. काही कुकरांना ठरावीक वेळेने सुरू होण्याची सोय असते, पण कच्ची कोंबडी आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत चार तास बंद भांड्यात ठेवणे मला कदापि मान्य नाही.

गावठीचे नेमके उलटे आहे. अंगणात वर्ष-दोन वर्षे पळालेल्या कोंबडीच्या तंगडीत स्नायूंना बांधून ठेवणारे पांढरे, चिवट पडदे आणि शिरा भरपूर असतात. त्यांतले कोलॅजेन पाण्यात, मंद उष्णतेवर, तासन्‌तास राहिले की त्याचे जिलेटिन होते, आणि चिवटपणा रश्शाच्या दाटपणात उतरतो. पाच तासांनी पाहावे तर तंगडीच्या टोकाची शीर अजून पांढरी आणि ताठ असते. सात तासांनी ती काचेसारखी पारदर्शक दिसू लागते, आणि आठव्या तासाला चमच्याच्या पाठीने दाबली तर दबते. मांस हाडाला धरून असते, पण बोटाने ओढले की अखंड निघते. उरलेला रस्सा रात्री फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी तो खरवसासारखा थरथरतो, वर पिवळ्या चरबीचा पातळ थर असतो. ब्रॉयलरचा रस्सा माझ्याकडे कधीही असा धरला नाही. अर्थात वयाप्रमाणे वेळ बदलतो : तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, असेल तर साडेपाच-सहा तास पुरतात, अंडी घालून थकलेल्या कोंबडीला नऊ तासही लागले आहेत. म्हणून विकत घेताना वय विचारून घेणे ही माझी आता सवय झाली आहे.

माझी पद्धत अशी. होरपळून, कातडीसकट तुकडे केलेल्या कोंबडीला आदल्या रात्री आले, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचे वाटण, हळद आणि मीठ लावून ती फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी गॅसवर कांद्याची फोडणी करून त्यात मालवणी मसाला आणि तुकडे घालून दहा-बारा मिनिटे चांगले परतते. हा टप्पा मी मध्यंतरी वेळ नाही म्हणून तीनचार वेळा गाळला आणि प्रत्येक वेळी पश्चात्ताप झाला. कुकरमधला रस्सा शंभर अंशांच्या वर जाऊच शकत नाही. कांदा, खोबरे, मांस यांना जो भाजका खमंगपणा येतो तो त्याहून पुष्कळ जास्त उष्णतेवर येतो. तो आधी तव्यावर आणि कढईत मिळवला नाही, तर आठ तासांनंतरही उकडलेल्या कोंबडीचाच वास येतो.

पाण्याचे प्रमाण हा दुसरा महत्त्वाचा भाग. झाकणाच्या कडेला वाफेचे थेंब जमून तिथेच पाण्याची बारीक कड तयार होते आणि वाफ पुन्हा आत पडते, त्यामुळे आटणे असे जवळजवळ नसते. टोपात ज्या कोंबडीला मी चार वाट्या पाणी घालत असे, तिला इथे एक वाटी कढत पाणी पुरते, कारण कोंबडीचे आणि कांद्याचे पाणी सुटतेच. बटाटे घालायचे असल्यास ते तळाशी आणि कडेला ठेवावेत. मऊ व्हायला ते मांसापेक्षा जास्त वेळ घेतात. भांडे निम्म्यापेक्षा कमी आणि पाऊण भागापेक्षा जास्त भरू नये. मधूनमधून झाकण उघडून ढवळण्याचा मोह आवरावा, कारण एकदा उघडले की गेलेली उष्णता भरून यायला वीस-पंचवीस मिनिटे जातात.

खोबऱ्याचे वाटप मात्र सकाळी कधीही घालू नये. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटप आठ तास शिजले की त्याची चव उतरते, तेल वेगळे होते आणि चोथा तळाशी बसतो. नारळाचे दूध तर फाटतेच. मी वाटप सकाळीच करून फ्रिजमध्ये ठेवते. संध्याकाळी आल्यावर शिजलेली कोंबडी रश्शासकट टोपात ओतते, वाटप आणि अर्धा चमचा मसाला घालते आणि गॅसवर दहा मिनिटे खळखळून उकळते. कुकरमध्येच हायवर अर्धा तास ठेवूनही पाहिले. रस्सा मिळून येतो, पण वर तवंग येत नाही, आणि वड्यांबरोबरच्या रश्शाला तवंग हवाच. मसाल्याबद्दल एवढेच सांगते की धणे, बडीशेप यांचा सुगंध दिवसभरात विरतो, आणि अख्खी लवंग मात्र साऱ्या रश्शावर चढते. म्हणून सकाळी मसाला नेहमीच्या पाऊणपट घालावा, उरलेला शेवटी, आणि अख्खी लवंग-मिरी टाळावी. चार आमसुले उकळी आल्यावरच पडतात.

पहिल्यांदा हे सगळे जुळून आले तेव्हा सासूबाईंनी तंगडीचा तुकडा वड्याला लावून सावकाश खाल्ला आणि म्हणाल्या, “चुलीचो वास येणा नाय गो, पण मास बरा शिजला.” धुराचा वास या भांड्यात येणार नाही, हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि ज्यांना तोच हवा असेल त्यांनी चूलच पेटवावी.

सुरक्षिततेविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्याकडे हे भांडे नवीन आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, आणि कोंबडी आतपर्यंत ७४ अंशांना पोचलीच पाहिजे. लो आणि हाय या दोन्ही खुणांवर रस्सा शेवटी उकळीच्या जवळपास पोचतो. फरक तिथे पोचायला लागणाऱ्या वेळाचा आहे. म्हणून थंडगार तुकडे आणि गार पाणी घालून लोवर सुरुवात करू नये. परतलेली गरम कोंबडी आणि कढत पाणी घातल्यास पहिला धोकादायक टप्पा लवकर ओलांडला जातो. फ्रीझरमधली गोठलेली कोंबडी थेट कुकरात कधीही घालू नये, ती आधी फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्यावी. उरलेला रस्साही यात गरम करत बसू नये, तो गॅसवर उकळावा. वॉर्म ही खूण शिजलेले गरम अन्न गरम ठेवण्यापुरतीच आहे. राजमा शिजवणाऱ्यांनी तो भिजवून, पाणी टाकून, आधी गॅसवर किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा, कारण त्यातले विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही.

कोकणात या भांड्याचा खरा शत्रू म्हणजे जाणारी वीज. जूनमध्ये मिरगाच्या आठवड्यात सकाळी नवाला कोंबडी लावून मी गेले, साडेदहाला वीज गेली आणि दोनच्या पुढे आली. सासूबाई घरी होत्या, पंखा कधी थांबला आणि कधी सुरू झाला हे त्यांनी नीट सांगितले. मांस अजून अर्धे कच्चे असताना रस्सा साडेतीन तास कोमट राहिला होता. सातशे रुपयांची कोंबडी टाकून देताना जीव फार हळहळला, पण ती पुन्हा उकळून खाणे योग्य नव्हते. काही जंतूंनी तयार केलेले विष उकळूनही जात नाही. त्यानंतर वीजतंत्र्याकडून स्वयंपाकघरातला एक सॉकेट इन्व्हर्टरवर घेतला. कुकरच्या तळाशी २०० वॅट लिहिलेले आहे, म्हणजे साधारण तीन पंख्यांइतका भार, तो आमच्या इन्व्हर्टरने दोन-अडीच तास विनातक्रार ओढला आहे. याच हिशेबाने आठ तासांना जास्तीत जास्त १.६ युनिट वीज लागते. आकडे दाखवणारे डिजिटल कुकर वीज गेल्यावर बहुधा बंदच राहतात, फिरवायच्या बटणाचा कुकर वीज आली की आपोआप पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर असल्यास मी फिरवायचे बटणच सुचवीन. इन्व्हर्टर नसेल आणि दिवसभर घरी कोणीही नसेल तर मात्र ही सोय उलट फसवी आहे, कारण संध्याकाळी भांडे गरमच लागते आणि मध्ये किती वेळ ते थंड होते ते कळत नाही.

तक्रारी दोन. जानेवारीत गरम भांड्यात मी थंड पाणी ओतले आणि तळापासून कडेपर्यंत चीर गेली. चूक माझीच होती, परंतु आतले भांडे सुटे मिळवण्यासाठी कंपनीशी पाच आठवडे पत्रव्यवहार करावा लागला आणि कुकरच्या किमतीच्या जवळपास निम्मे पैसे गेले. घेण्याआधी सुटे भांडे मिळते का, हे दुकानदाराला अवश्य विचारावे. दुसरी तक्रार गंजाची. समुद्राच्या खाऱ्या हवेने तळाचे स्क्रू चार महिन्यांत तांबूस झाले. आता वापरल्यावर बाहेरचे आवरण कोरड्या फडक्याने पुसून मी कुकर खिडकीपासून दूर, कपाटात ठेवते. वायरही आखूड आहे, पण त्याची सवय होते.

साडेतीन लिटरमध्ये सव्वा किलोची एक कोंबडी नीट बसते आणि पाच माणसांना पुरते. मे महिन्यात मुंबईहून चौदा मंडळी आली तेव्हा दोन कोंबड्या त्यात कोंबण्याचा विचारही केला नाही. त्या दिवशी पडवीबाहेर चूल मांडली, मोठा टोप चढवला आणि लाकडे सरकवायला सासूबाई स्वतः पाट घेऊन बसल्या.