नदीचे बारीक मासे: तळून की कालवण?

बोटाएवढ्या खवल्या आणि मुऱ्या निवडताना निम्मी सकाळ जाते. राख लावून चोळायच्या, पोट अंगठ्याने दाबून आतडं काढायचं. तेवढं राहिलं की कडूपणा कालवणात उतरतो, तळताना मात्र थोडाफार लपतो.

तळायचे तर हळद, मीठ, तिखट, कोकमाचं आगळ आणि वरून तांदळाचं पीठ. मंद आचेवर दमाने तळले की काटा कुरकुरीत होतो, डोक्या-शेपटीसकट मासा खाता येतो. कॅल्शियम त्या काट्यातच असतं. मोला नावाच्या बारीक माशात तर अ जीवनसत्त्व डोळ्यांत भरपूर असतं, म्हणून डोकी छाटू नयेत.

कालवण चिंच-लसणाचं, नारळ बेताचाच. उकळी आली की मासे सोडायचे आणि पळी अजिबात घालायची नाही, टोप नुसता हलवायचा. नाहीतर रश्शात काट्यांचा चुरा! लहान मुलांना हे देताना जीव टांगणीला लागतो.

माझं मत तळलेल्यांना. पण गाबोळीने (अंड्यांनी) भरलेले चढणीचे मासे, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, तळले तर गाबोळी फुटून तेल उडतं. ते कालवणातच घालावेत, आणि खरं तर पहिल्या पावसात पकडूच नयेत.