टेपच्या आत काहीच नव्हतं

पाऊस धरला की आमच्या बेळगावातल्या अनगोळ-वडगाव भागात रोपांचे टेम्पो फिरायला लागतात. परवा मागच्या गल्लीत एक उभा होता, दोघी-तिघी जणी भाव करत होत्या. माणूस गेल्या वर्षीचाच होता की दुसरा, लांबून कळलं नाही. पण हातभर झाडाला लोंबणारी लिंबं दिसली आणि मला माझे दीड हजार आठवले. म्हणून हे लिहायला बसले.

गेल्या वर्षी कारहुणवी, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेचा बैलांचा सण झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. परड्यातली तांबडी माती भिजून मऊ झाली होती आणि नळाजवळचा कोपरा बरेच दिवस मोकळा पडला होता. टेम्पोवाला गोड बोलणारा. शेजारणीशी कानडीत, माझ्याशी मराठीत. "अक्का, देवगडचा हापूस हाय. कलमी. चौथ्या वर्षी आंबा खाशीला." रोपाच्या बुंध्याला पांढरी प्लॅस्टिकची टेप गुंडाळलेली. टेप दिसली की कलम, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

साडेचारशेला एक अशी दोन हापूस घेतली, एक घरी आणि एक निपाणीच्या नणंदेला, तिची वास्तुशांत होती म्हणून. शिवाय चार लिंबं लागलेलं लिंबाचं झाड सहाशेला आणि 'काळा गुलाब' अडीचशेला. साडेसतराशेचे दीड हजार केले आणि आपण जिंकलो असं वाटलं. "स्कॅनर चालंना झालाय" म्हणाला, म्हणून रोख दिले. त्यानं एक छापील कार्ड दिलं. वर नर्सरीचं नाव, खाली कोकणातल्या एका गावाचं नाव आणि मोबाईल नंबर.

जाताना त्यानं निगा कशी राखायची ते फार आपुलकीनं सांगितलं. लिंबू लावल्यावर पंधरा दिवस हलवायचं नाही, मुळं दुखावतात. पानं गळाली तर घाबरायचं नाही, झाड जागा बदलल्यावर रुसतं. आंब्याची टेप वर्षभर सोडायची नाही, हवा लागली तर जोड सुटतो. मी हे सगळं वहीत लिहून ठेवलं. आज ती वही बघितली की वाटतं, त्यातलं एकही वाक्य झाडासाठी नव्हतं. मी शोधायला लागेपर्यंत त्याला लांब जायला वेळ हवा होता.

लिंबाची पानं चौथ्या दिवशी मिटायला लागली. मी वहीत बघितलं, रुसलंय म्हणून गप्प बसले. आठव्या दिवशी निम्मी गळाली. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्या खानापूरकडच्या, शेतातल्या. दहाव्या दिवशी त्यांनी मला न विचारता बुंधा धरून ओढला. झाड अलगद हातात आलं. गोणपाटाच्या आतला मातीचा गोळा पावसानं विरघळला होता आणि त्यात उभी होती एक फांदी. खाली कोयत्यानं मारलेला तिरका काप, मूळ एकसुद्धा नाही. फळं धरलेली फांदी मोठ्या झाडावरून तोडायची आणि चिकणमातीच्या गोळ्यात खोचायची, एवढीच करामत. फांदीत ओल असेपर्यंत पानं टवटवीत राहतात आणि फळं तर त्याहून जास्त दिवस टिकतात. त्या लिंबांचं सरबत केलं. दीडशे रुपयांना एक लिंबू पडलं.

इतकं झाल्यावर तरी माझे डोळे उघडायला हवे होते. पण आंब्याची दोन्ही रोपं जिवंत होती, नवी तांबूस पालवीही फुटली. मी म्हटलं, एखादं दगावतंच.

दिवाळीच्या साफसफाईत बघितलं तर टेप बुंध्यात रुतायला लागली होती. हे म्हणाले, "वर्षभर सोडू नका म्हणालाय नव्हं तो?" पण रुतलेली टेप मला बघवेना. सोडत गेले, सोडत गेले, आणि आत काहीच नव्हतं. जोड नाही, गाठ नाही, कापल्याची खूण नाही. खालपासून वरपर्यंत एकसंध साल. कोय लावून उगवलेलं रायवळ रोप, त्याला मध्येच टेप गुंडाळलेली.

मग निपाणीला फोन करायची वेळ आली, आणि पैशापेक्षा तेच जास्त जड गेलं. वास्तुशांतीला आलेल्या सगळ्यांना नणंदेनं "वहिनीनं हापूस दिलाय" म्हणून ते रोप दाखवलं होतं. मी म्हटलं, टेप सोडून बघ जरा. व्हिडिओ कॉलवर तिनं सोडली. तिच्या रोपाला ब्लेडची एक बारीक चीर होती, हात लावल्यावर फुगीर लागावं एवढीच. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "असू दे वहिनी, सावली तर देईल."

कार्डावरचा नंबर बंद होता. आमच्या ओळखीत त्या गावचे एक जण निघाले. त्यांनी सांगितलं, अशी नर्सरी आमच्याकडे नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 माहीत होती, पण सांगणार काय? बिल नाही, नाव नाही, गाडीचा नंबर बघितला नाही, पैसे रोख. त्या 'बंद स्कॅनर'चं कारण मला तेव्हा उमगलं.

गुलाबाची तऱ्हा वेगळीच. काळा गुलाब म्हणून जो असतो तो फार तर काळपट लाल, हे नंतर समजलं. माझा मात्र वेलासारखा सुटला, भिंतीवर चढला, काटे जवळजवळ नाहीत आणि थंडीत बारीक पांढरट फुलांचे झुबके आले. तो खुंट होता, म्हणजे ज्यावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरतात ते जंगली झाड. वरचा डोळा मेला होता किंवा कधी भरलाच नव्हता. तो मी ठेवलाय. मधमाश्या येतात.

आंबाही उपटला नाही, कारण आत्तींनी उपटू दिला नाही. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. चौथं वर्ष त्यांनी बोटावर मोजून ठेवलं होतं. कोयीचं झाड फळाला यायला सात-आठ वर्षं सहज जातात, आणि येईल तो आंबा हापूसच असेल याचा काही भरवसा नसतो. यंदा पहिल्या पावसानंतर त्यांच्या माहेरच्या ओळखीचा, कलमं बांधणारा एक गडी आला. त्यांच्या भाच्याच्या हापूसवरची, आमच्या रोपाएवढ्याच जाडीची डोळकाडी, म्हणजे कलमासाठी तोडलेली काडी, घेऊन. रोप वीतभर उंचीवर छाटलं, मधोमध चीर दिली, काडीला पाचरीसारखं तासून आत बसवलं, सालीला साल जुळवली आणि मग टेप. वर लहानपणी खायचो त्या पेप्सीकोल्याच्या पिशवीसारखी लांबट टोपी. सगळं पाच मिनिटांत.

मी त्याला विचारलं, खरं कलम ओळखायचं कसं? तो म्हणाला, विकणाऱ्याला दोन वेढे सोडायला सांगायचे. जुनं कलम असेल तर जोडाशी व्ही आकाराची रेघ आणि आवळल्यासारखी गाठ दिसते, खालची साल आणि वरची साल सहसा वेगळी असते. नाही सोडत म्हणाला तर रोप परत ठेवायचं. लिंबू-पेरूला फळ धरलेलं दिसलं तर आधी पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर आलीत का बघायचं. आणि शक्यतो तोटगारिका, म्हणजे सरकारी फलोत्पादन खात्याच्या नर्सरीतून घ्यायचं, तिथं पावती मिळते.

तीन आठवड्यांनी टोपीच्या आत डोळे फुगले, आता दोन पानं उलगडलीत. टेप तीन महिन्यांनी सोडा, असं गड्यानं स्वतःहून सांगितलं. आत्तींनी चष्मा लावून कॅलेंडरवर ती तारीख शोधली आणि पेन्सिलीनं गोल केला. नवरात्रात येते.