‘द दा विंची कोड’ पुन्हा पाहताना: नजर टीबिंगवर ठेवा

पुढे खलनायकाचं नाव उघड केलं आहे. पहिल्यांदाच पाहणार असाल तर इथेच थांबा.

2006 साली सेन्सॉरने ‘ए’ प्रमाणपत्र दिलं, ही कल्पित कथा असल्याची पाटीही लावायला लावली, तरी गोवा सरकारने या सिनेमावर बंदी घातली. त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांनी तो घरच्याच पडद्यावर पाहिला, आणि तोही डॅन ब्राऊनची कादंबरी वाचून झाल्यावर. म्हणजे गुन्हेगार कोण हे त्यांना तेव्हाही ठाऊकच होतं. मग दुसऱ्यांदा पाहायचं काय?

पाहायचा तो खलनायक ली टीबिंग झालेला इयान मॅकेलन. बंगल्याच्या फाटकाशी आलेल्या नायक लँग्डनला (टॉम हँक्स) टीबिंग इंटरकॉमवरून प्रश्न विचारतो: चहा की कॉफी, दूध की लिंबू. पहिल्या खेपेला हा निव्वळ विक्षिप्त म्हाताऱ्याचा विनोद वाटतो. माणूस कोण आहे हे कळल्यावर त्याच प्रश्नांत शिकाऱ्याची मजा दिसते. दा विंचीच्या ‘लास्ट सपर’ या चित्रावरचं त्याचं लांबलचक व्याख्यानही असंच. पुस्तकात लँग्डन इथे बराचसा माना डोलावतो. पटकथाकार अकिवा गोल्ड्समनने त्याला शंका घ्यायला लावली, आणि त्यामुळे प्रसंग सावरला. लँग्डन हरकत घेतो तेव्हा टॉम हँक्सकडे बघू नका (तो तसाही ठोकळाच आहे), टीबिंगचा तोल कुठे जातो ते बघा.

कोडी मात्र दुसऱ्या खेपेला फसतात. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाच्या फरशीवर 13-3-2-21-1-1-8-5 हे आकडे दिसतात. चढत्या क्रमाने लावले की 1-1-2-3-5-8-13-21, म्हणजे फिबोनाची मालिका (प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज). पण दिग्दर्शक रॉन हॉवर्ड प्रेक्षकाला विचार करायला वेळच देत नाही. लँग्डनच्या डोळ्यांसमोर अक्षरं लखलखतात आणि उत्तर हजर. सोबत कुणी नवखं असेल तर आकडे दिसताक्षणी पॉज करा.

क्रिप्टेक्सचं, म्हणजे अक्षरं जुळवली तरच उघडणाऱ्या आणि आत पपायरसवरचा मजकूर असलेल्या नळीचं, तेच. पाच चकत्या, प्रत्येकीवर 26 अक्षरं, म्हणजे 1 कोटी 18 लाखांवर जोड्या. पुस्तकात एकाच्या पोटात दुसरं अशी दोन आहेत आणि दोन्हींचे शब्द वेगळे. सिनेमात एकच उरलं, त्यामुळे मधला सगळा ताण गळाला. जबरदस्तीने उघडलं तर आतली कुपी फुटून व्हिनेगर पपायरस विरघळवतं, ही धमकी आपल्याकडे तरी कुणी मनावर घेऊ नये. पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या गाभ्याच्या पट्ट्या, मुख्यतः सेल्युलोज. व्हिनेगरने शाई फार तर पसरेल, पट्ट्यांचा लगदा व्हायचा नाही. गोव्यातला सुक्या माशांचा पारा व्हिनेगरातच टिकतो.

चर्चमध्ये वाढलेल्या डोळ्यांना आणखी एक खटकेल. पॅरिसच्या सेंट-सुल्पिस चर्चने चित्रीकरणाला नकार दिला, म्हणून मारेकरी साधू सिलास फरशी फोडतो ते चर्च उभं केलेलं आहे. तिथली पितळी रेघ पॅरिसच्या मध्यान्हरेषेची नव्हेच. उन्हाच्या कवडशावरून दिवस मोजायची ती सोय आहे, खरी रेषा शंभरेक मीटरवरून जाते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीनेही नाही म्हटलं. आतली दृश्यं इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या कॅथीड्रलमधली. मोनालिसासुद्धा नक्कल, कारण मूळ चित्रावर चित्रीकरणाचे दिवे टाकायला परवानगी नव्हती.

आवृत्त्या दोन मिळतात: थिएटरची 149 मिनिटांची आणि वाढीव 174 मिनिटांची. पुन्हा पाहणाऱ्याने वाढीवच्या वाटेला जाऊ नये. 149 मिनिटंच मधल्या विमानप्रवासात ताणल्यासारखी वाटतात. सबटायटल सुरू ठेवा, फ्रेंच आणि लॅटिन संवाद भरपूर आहेत. लूव्हरचा पहिला अर्धा तास अंधारातला, म्हणून दुपारी पडदे उघडे ठेवून लावलात तर काळ्यावर काळं दिसेल. आणि शेवटाकडचा स्कॉटलंडमधल्या रॉझलिन चॅपलचा प्रसंग संपला म्हणून उठू नका: हान्स झिमरचं सगळ्यात चांगलं संगीत त्यानंतर येतं. तेवढ्यापुरता आवाज वाढवायला हरकत नाही.