सळईला वळण: रोलरवर की भट्टीत?

शिल्पासाठी १२ मिलिमीटरची माइल्ड स्टीलची गोल सळई वळवायची असेल, तर तिला थंड अवस्थेतच तीन रोलरांच्या यंत्रातून काढावे की भट्टीत लाल करून वाकवावे, हे त्या वक्राच्या स्वरूपावर ठरते. मोठ्या त्रिज्येच्या, सलग वाहणाऱ्या कमानीसाठी मी रोलरच पसंत करतो; कारण दाब संपूर्ण लांबीवर सारखा पडतो आणि कोपरे उमटत नाहीत. मात्र दाब सुटताच सळई थोडी उलटून सरळ होते, म्हणून रोलर प्रत्येक फेरीला किंचितच आवळत, जमिनीवर खडूने काढलेल्या पूर्णाकृती रेषेवर ती पुन्हापुन्हा ठेवून पाहावी लागते. घाईने एकदम आवळलेली सळई हवी त्यापेक्षा जास्त वळते आणि मग ती उलगडताना लाटा पडतात. शिवाय दोन्ही टोकांचा काही भाग सरळच राहतो. तेवढी लांबी आधीच जास्त घेऊन नंतर कापून टाकावी.

बोटाच्या पेराएवढ्या घट्ट वळणाला किंवा पिळाला मात्र भट्टीच हवी. तापलेली सळई फारशी उलटत नाही. पण उष्णता असमान असली, तर जिथे ती अधिक लाल तिथेच मोडल्यासारखी वाकते, आणि वर बसलेली काळी खपली घासण्याचे काम वाढते. जस्ताचा मुलामा असलेली सळई तर भट्टीत घालूच नये, तिचा धूर घातक असतो.