हाती शिवलेलं म्हणून घेतलं

आमच्या ग्वाल्हेरात हत्यार ही लपवायची वस्तू नाही, मिरवायची आहे. वरातीत चार खांद्यांवर दुनळी बंदुका दिसल्या नाहीत तर व्याह्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. २०१९ साली इथल्या कलेक्टरांनी लायसन्ससाठी अर्ज करणाऱ्याला दहा झाडं लावून त्यांच्याबरोबरचा फोटो जोडायला सांगितला होता. रांगेतल्या मंडळींनी खड्डे खणले, पण अर्ज मागे घेतले नाहीत, अशी इथली हौस.

मी मात्र या हौसेतला नाही. दाल बाजारात आमची अडत आहे. हंगामात संध्याकाळची रोकड घेऊन शिंदे की छावणीपर्यंत यावं लागतं, म्हणून वडील असतानाच लायसन्स काढलं. हत्यार कानपूरचं, बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर, सहा गोळ्यांचं, नळी खाली मोडून उघडणारं. ते कुणाच्या नजरेला पडू नये एवढीच माझी अपेक्षा. व्यापाऱ्याच्या कमरेला लोखंड दिसलं की गल्ल्यात किती असेल याचा हिशेब लोक आपोआप करतात. नियमही तेच सांगतो: २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी ते होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्याराच्या म्यानासारख्या पिशवीत, किंवा तशाच खोळीत आणि पूर्ण झाकलेलं असायला हवं.

इतकी वर्षं बंदुकीच्या दुकानातून घेतलेलं कापडी कव्हर वापरत होतो. त्याचं बटण गेलं आणि मी मोबाइलवर नवं होल्स्टर शोधायला लागलो. तिथेच माशी शिंकली.

जाहिरातीत एक माणूस होता, चेहरा न दिसणारा, नुसते हात. जाड कातडं कापतो, पाण्यात बुडवतो, रिव्हॉल्वरच्या निळ्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीवर चढवतो आणि हाडाच्या पट्टीने दाबून दाबून तिचा आकार त्यात उमटवतो. मग दोन सुया आणि मेण लावलेला दोरा. मागे सतार. मी ते दहा वेळा पाहिलं असेल. हाताने केलेल्या वस्तूचं मला वेड आहे, आणि हे वेड आमच्या घरच्यांना ठाऊक होतं तसं ते विकणाऱ्यालाही एका दिवसात कळलं.

त्याने मला कातड्याबद्दल जे सांगितलं त्यातला शब्दही खोटा नव्हता, हे आधी लक्षात घ्या. होल्स्टरला झाडाच्या सालीने कमावलेलं कातडंच लागतं, कारण ओलं करून साच्यावर दाबलं की वाळल्यावर तोच आकार धरून राहतं; क्रोमने कमावलेलं मऊ पडतं आणि आकार धरत नाही. खरं. जाडी तीन-साडेतीन मिलिमीटर हवी. खरं. मशीनच्या टाक्यात एक धागा तुटला की शिवण उसवत जाते, दोन सुयांच्या हातशिलाईत एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. हेही खरं. कानपुरात बाभळीच्या सालीवर कातडं कमावतात आणि तिथलं घोड्याचं सामान परदेशी जातं, हेही मला आधीपासून माहीत होतं. इतक्या खऱ्या गोष्टी एकापाठोपाठ सांगणारा माणूस खोटा कसा असेल, असं वाटलं. धंद्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे वाटावं, याची लाज मला पैशांपेक्षा जास्त आहे. आमच्याकडे पोत्याच्या तोंडाशी चांगली तूर आणि खाली भेसळ ही युक्ती मी पोरवयात शिकलो.

किंमत ठरली ५,२०० रुपये. माप घेऊन करायचं म्हणून निम्मे आधी, निम्मे पाठवण्यापूर्वी, आणि घरी आल्यावर पैसे देण्याची सोय नाही. मीच स्वतःला समजावलं की बरोबरच आहे, माझ्या मापाचं दुसऱ्याला विकणार कसं? मुलाच्या आलेखाच्या वहीच्या पानावर रिव्हॉल्वर रिकामं करून ठेवलं, पेन्सिलने कडा काढली, फोटो पाठवला.

मग त्याने लायसन्सची प्रत मागितली. ‘नियम है सर, बिना लाइसेंस होल्स्टर नहीं बेच सकते.’ इथे मी थांबायला हवं होतं. होल्स्टर ही पिशवी आहे, शस्त्र नाही. ते विकत घ्यायला लायसन्स लागत नाही. उलट हा नियम ऐकून माझा विश्वास वाढला, की बघा, किती कायद्याने चालतो. मी वहीची पहिली तीन पानं पाठवली. त्यात माझा फोटो, घराचा पत्ता, हत्याराचा नंबर, सगळं.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. पाठवणाऱ्याच्या जागी कानपूर नव्हतं, दिल्लीच्या कुठल्यातरी गोदामाचा नंबर. आत खाकी कागद, त्याला सुतळी, लाखेचा ठसा आणि हाताने लिहिलेली आभाराची चिठ्ठी. वासही असा की खोली भरून गेली. आता कळतं की कातड्याला इतका ‘कातड्याचा’ वास येत नसतो, तो वरून मारलेला होता. त्या दिवशी मी ती चिठ्ठी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘वस्तू बघा आधी.’

वस्तू दिसायला गुळगुळीत, तपकिरी, कडा काळ्या रंगाने रंगवलेल्या. कडा रंगवलेली असणं ही संशयाची खूण, पण ती मला पुढे कळली. साच्याची एक रेघ नाही. माझं रिव्हॉल्वर आत जात होतं, तसं कुणाचंही गेलं असतं. विचारलं तर उत्तर आलं, ‘असली लेदर है सर, ब्रेक-इन होने दीजिए, पंद्रह दिन में बॉडी ले लेगा.’ हेही अर्धं खरं, नवं कातडं सुरुवातीला आवळ असतंच. पण आवळ असणं वेगळं आणि ढिलं असणं वेगळं. ढिलं कातडं पंधरा दिवसांत अधिक ढिलं होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट.

एका रात्री दार लावून, रिव्हॉल्वर मोडून सहाही गोळ्या काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्या. चक्रीची सहाही घरं बोट घालून पाहिली. मग होल्स्टर पँटच्या आत, पट्ट्यामागे लावून काढ-घाल करून बघायला लागलो. काढलं की पोटाच्या दाबाने होल्स्टरचं तोंड मिटायचं. चांगल्या होल्स्टरच्या तोंडाला जास्तीची पट्टी शिवलेली असते, हत्यार बाहेर असतानाही ते उघडं राहावं म्हणून. इथे पट्टी होती, पण शोभेची. तोंड मिटलं की एका हाताने ते चाचपत उघडायचं आणि दुसऱ्या हाताने आत सारायचं.

वडिलांनी एक सवय लावली होती: रिव्हॉल्वर ठेवताना अंगठा नेहमी घोड्यावर, म्हणजे ट्रिगर ओढला की मागे उठून गोळीवर आपटतो त्या भागावर. बाकी काही विसरलास तरी चालेल, हे नको विसरू, म्हणायचे. त्या रात्री आत सारता सारता अंगठ्याखाली घोडा हलला. आपणहून वर यायला लागला.

मी थांबलो. बाहेर काढलं. पुन्हा सारलं, पुन्हा तेच. दिव्याखाली पाहिलं तेव्हा समजलं: तोंडाची कड आत दुमडून तिची घडी ट्रिगरच्या कड्यात शिरत होती आणि मी वरून दाबलं की तीच घडी बोटाचं काम करत होती. रिव्हॉल्वरचा ट्रिगर जड असतो, म्हणून घोडा थोडाच उठला. हलक्या ट्रिगरचं पिस्तूल असतं तर? आणि नळीचं तोंड त्या वेळी कुठे असतं हे मी लिहित नाही, पँटच्या आत खोचणाऱ्याला ते ठाऊक आहे.

त्या रात्री मी त्याला काही लिहिलं नाही. रिव्हॉल्वर मात्र मूर्खासारखं त्याच होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवलं आणि भाचीच्या लग्नासाठी गावाला गेलो. पावसाळ्यातले अकरा दिवस. परत येऊन बघतो तर चक्रीवर तांबूस ठिपके, होल्स्टरच्या खिशातल्या दोन गोळ्यांच्या पितळेवर हिरवट थर. यात दोष निम्मा माझा. कातडं कसलंही असो, ते दमट हवा धरून ठेवतं, आणि हत्यार त्यात घालून ठेवून द्यायचं नसतं. होल्स्टर अंगावर वागवण्यासाठी असतं. पण विकणाऱ्याने कमावणीतली रसायनं न धुतलेला माल दिला असेल तर गंज जास्त वेगाने चढतो, असं मला बंदुकीच्या दुकानदाराने ते ठिपके घासता घासता सांगितलं. आणि वर हेही, की गेल्या वर्षभरात असलं होल्स्टर घेऊन येणारे तुम्ही पहिले नाहीत.

त्यानेच एका म्हाताऱ्या कारागिराकडे पाठवलं. लष्कर भागातल्या एका बोळात बसतात, वडील टांग्यांच्या घोड्यांचं सामान शिवायचे. आता चपला आणि शाळेची दप्तरं. होल्स्टर हातात घेऊन त्यांनी नखाने कडेचा रंग खरवडला, पाण्याचा एक थेंब वर टाकला. थेंब तसाच मोत्यासारखा उभा राहिला. सालीच्या कातड्यात तो जिरून डाग काळवंडायला हवा होता. मग मला न विचारता रापीने सरळ मधून चिरलं. वर कागदाएवढा प्लॅस्टिकचा पापुद्रा, खाली करड्या रंगाचा लगदा, मधे कापडाची जाळी. कातड्याचा भुगा डिंकात कालवून लाटलेला. लायटर लावला तर वरचा पापुद्रा वितळून गोळा झाला, प्लॅस्टिकचा वास आला. खरं कातडं वितळत नाही, जळक्या केसासारखा वास देऊन कोळसतं.

‘ये चमड़ा नहीं है भैया, चमड़े का पापड़ है,’ ते म्हणाले. आणि ‘हातशिलाई’? दोरा जाड होता एवढंच. त्यांनी एक टाका कापून ओढला तर चार बोटं शिवण सरसर उसवली.

व्हिडिओचं कोडं मुलाने सोडवलं. ‘बाबा, भिंतीवरचं सॉकेट बघा.’ त्या कारागिराच्या टेबलामागे दोन उभ्या चिरा आणि खाली एक गोल भोक, आपल्याकडे असतं तसं तीन गोल भोकांचं नाही. अमेरिकेतलं सॉकेट! पट्टीवरची मापंही इंचांत. कुणा परदेशी माणसाच्या कामाचं चित्रीकरण उचलून वर सतार लावली होती. दहा वेळा पाहिलं, पण मी हातच बघत राहिलो, भिंत पाहिलीच नाही.

मग मी त्याला चिरलेल्या होल्स्टरचे फोटो पाठवून पैसे परत मागितले आणि त्याच्या पानावर खरा अभिप्राय लिहिला. अभिप्राय तासाभरात गायब. रात्री माझ्या लायसन्सच्या पहिल्या पानाचा फोटो मला परत आला, खाली एकच ओळ: ‘सर आपका एड्रेस हमारे पास है, आराम से बात करते हैं.’ एवढंच. धमकी म्हणावी तर त्यात धमकीचा शब्द नाही.

बायकोला दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. ठाण्यातलं लिखाण सांभाळणाऱ्या मुन्शीजींनी आधी माझीच हजेरी घेतली, की हत्याराचा नंबर असा कुणालाही पाठवतात का, उद्या या कागदावर कुणी काय केलं तर? बोलणं लागलं, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. लेखी अर्ज घेतला आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्का दिला. तो शिक्का सोडू नका, कितीही वेळ बसवून ठेवलं तरी. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पण माल मिळालेला असल्याने पैसे अडवले गेले नाहीत. पहिल्या दिवशी केली असती तर कदाचित वेगळं झालं असतं. ग्राहक आयोगात अर्ज घातला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही केला नाही. पार्सलवरच्या पत्त्यावर गेलेली नोटीस परत आली. ५,२०० रुपये मी सोडून दिलेत. अर्ज सोडलेला नाही.

म्हाताऱ्यांकडूनच नवं करून घेतलं. रिव्हॉल्वर हातात घ्यायला त्यांनी साफ नकार दिला, ‘घर पे रखो इसे’. आलेखाच्या त्याच पानावरून एका ओळखीच्या सुताराने लाकडी ठोकळा तासून दिला, त्यावर ओलं कातडं दोन दिवस चढवून ठेवलं. दिसायला ओबडधोबड आहे, शिवण एका जागी वाकडी, आणि पहिले आठ दिवस रिव्हॉल्वर बाहेर निघेना. १,८०० घेतले. रिकाम्या हत्याराने पन्नासदा तरी घालून पाहिलं, अंगठा घोड्यावर ठेवून. हलला नाही.

मुलगा परवा सांगत होता की तेच सॉकेट आता दुसऱ्या नावाच्या पानावर दिसतंय, सतारीच्या जागी बासरी आहे. तिथे कुणीतरी विचारलं होतं, लायसन्सची प्रत कुठे पाठवायची. मुलाने खाली लिहिलं, पाठवू नका. दहा मिनिटांत त्याचं खातं तिथे बंद केलं गेलं.

ठाण्याच्या शिक्क्याची प्रत मी लायसन्सच्या वहीत घडी करून ठेवली आहे. नूतनीकरणाला कलेक्टोरेटमध्ये जाईन तेव्हा बाबूंनी विचारण्याआधीच पुढे करायला.