पुरात घराचं नुकसान: सरकारी मदतीवर भिस्त की 'भारत गृह रक्षा' विमा?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 मध्ये पाणी कुठवर आलं होतं, ती खूण आपल्या भिंतीवर किंवा शेजाऱ्यांकडे विचारून आधी पाहा.

सरकारी मदतीला हप्ता नाही, पण ती पंचनाम्यावर आणि ठरलेल्या दरांवर मिळते. घर पुन्हा उभारण्याचा खर्च त्यातून निघेल, ही आशा धरू नका.

'भारत गृह रक्षा' ही घर आणि सामानासाठीची प्रमाणित विमा पॉलिसी. तिच्यात विम्याची रक्कम बांधकाम खर्चावर ठरते, जमिनीची किंमत धरत नाहीत. समजा, 60 चौरस मीटर चटई क्षेत्र, बांधकाम खर्च चौरस मीटरला 20,000 रुपये, म्हणजे 12 लाख. सामानाला आपोआप त्याच्या 20 टक्के, म्हणजे 2.4 लाख (कमाल मर्यादा 10 लाख). फ्रिज, कपाटं, गाद्या यांची किंमत जास्त असेल तर यादी देऊन वाढवा. दागिन्यांना वेगळं संरक्षण लागतं. वर्षानुवर्षांच्या ओलीचं नुकसान विम्यात बसत नाही. गृहकर्जासोबतची पॉलिसी उघडून पाहाच, कधीकधी ती फक्त कर्जदाराच्या आयुष्याची असते.

दावा बहुतेक वेळा साफसफाईच्या घाईत अडकतो. कंपनीला लगेच कळवा, पाण्याच्या रेषेचे फोटो काढा, सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेलं सामान टाकू नका. पंचनाम्याची प्रतही जपा. नदीकाठच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांनी विमा मे महिन्याआधीच घ्यावा.