बाणाचा कडकपणा धनुष्याशी जुळवल्यानंतर : 700 स्पाइनच्या बाणांचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेले नऊ महिने मी माझ्या रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्यावर 700 स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो याचा आकडा) एक डझन कार्बन बाण वापरत आहे. त्याआधी जवळजवळ वर्षभर माझ्याकडे 600 स्पाइनचे बाण होते; ते मी दुसऱ्या एका तिरंदाजाकडून घेतले होते आणि ते त्याच्या मापाने आधीच 28 इंचांवर कापलेले होते. धनुष्य तेच, दोरी तीच, बोटांचे संरक्षण करणारा टॅब तोच आणि सरावाचे तासही तेवढेच राहिले. बदलले ते केवळ बाण. त्यामुळे जो फरक पडला तो कशामुळे पडला, याविषयी मला फारशी शंका उरलेली नाही.

धनुष्य 68 इंची आहे, रायझर म्हणजे मधला मुठीचा भाग 25 इंची आहे आणि लिंबवर, म्हणजे वाकणाऱ्या पात्यावर, 34 पाउंड असे छापलेले आहे. मी उजव्या हाताने, बोटांनी दोरी सोडते. पुढे जिथे जिथे डावे-उजवे येईल ते उजव्या हाताच्या तिरंदाजासाठी समजावे. डाव्या हाताने नेम धरणाऱ्यांनी ते उलटे वाचावे.

स्पाइनचा आकडा जितका मोठा तितका बाण नरम, ही गोष्ट नवख्या माणसाला उलटी वाटते. मोजण्याची पद्धत समजली की ती सरळ होते. बाणाची नळी 28 इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवतात, मध्यभागी 1.94 पाउंड म्हणजे सुमारे 880 ग्रॅम वजन टांगतात आणि नळी किती खाली झुकते ते इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. 600 ची नळी 0.6 इंच झुकते, 700 ची 0.7 इंच. दोन्हींत फरक अवघा अडीच मिलिमीटरचा आहे. तरीही माझे वर्ष त्या अडीच मिलिमीटरांत गेले.

जुन्या बाणांची लक्षणे अशी होती : बाण सुटल्यावर त्याचे शेपूट डोळ्यांना दिसेल इतके डोलत असे, लक्ष्यात तो तिरका रुतत असे आणि संपूर्ण ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा बाणांचा पुंजका, डावीकडे सरकलेला असे. साइट (नेम धरण्याचे साधन) डावीकडे नेऊन मी ग्रुप मध्यावर आणला, बाणाला बाजूने टेकू देणाऱ्या प्लंजरची स्प्रिंग शक्य तितकी सैल केली, आणि तरीही जे बाण भरकटत होते त्यांचा सगळा दोष मी माझ्या बोटांना दिला. कित्येक महिने मी केवळ दोरी सोडण्याचा सराव करत राहिले. तो सराव वाया गेला असे मी म्हणणार नाही, परंतु ज्या चुकीसाठी मी तो करत होते ती चूक मुळात माझ्या हातात नव्हतीच.

खरे कारण सापडले ते ताण मोजण्याच्या काट्यावर. लिंबवर छापलेला आकडा 28 इंचांच्या ठरलेल्या ड्रॉ लेंथचा, म्हणजे दोरी ओढण्याच्या लांबीचा, असतो. माझी ड्रॉ लेंथ साडेसत्तावीस इंच भरली आणि ताण कमी-जास्त करणारे लिंबचे बोल्टही बरेच बाहेर काढलेले होते. प्रत्यक्षात माझ्या बोटांवर येणारा ताण 31 पाउंड होता. मी मात्र बाण निवडण्याच्या तक्त्यात 34 पाउंडांची ओळ पाहिली होती, आणि पुढे ताण वाढवायचाच आहे या विचाराने त्याच्याही वरच्या गटातले बाण घेतले होते. त्यातच ते आखूड कापलेले होते. छापील आकडा 28 इंचांच्या आधारांवरचा असल्यामुळे बाण कापल्याने तो बदलत नाही, पण धनुष्यावर बाण कसा वागतो ते मात्र बदलते. नळीचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात कमी होत जाते, म्हणून 29 इंचांच्या बाणातून अर्धा इंच कमी केला तरी तो सुमारे पाच टक्के कमी वाकतो. माझ्या बाणांना कडकपणा असा तीन बाजूंनी मिळालेला होता.

बाणाने वाकणे हा दोष आहे, असा माझा समज होता. वास्तविक बोटांवरून सुटताना दोरी सरळ पुढे जात नाही. ती बोटांना वळसा घालून किंचित बाजूला सरकते आणि मग आत येते. मागून ढकलला जाणारा आणि पुढे जड टोक असलेला बाण त्यामुळे आडवा वाकतो, मग उलट दिशेने वाकतो, आणि हे सारे दोरी त्याला सोडण्यापूर्वीच्या साधारण 15 ते 20 मिलिसेकंदांत घडते. 1930 च्या दशकात अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ क्लेरन्स हिकमन यांनी अतिवेगवान छायाचित्रणाने हे वाकणे प्रत्यक्ष दाखवून दिले. बाणाची ही लय धनुष्याच्या लयीशी जुळली तर शेपटाकडचा भाग रायझरला वळसा घालून न घासता निघून जातो. बाण कडक असेल तर तो पुरेसा वाकत नाही आणि डावीकडे फेकला जातो. नरम असेल तर जास्त वाकतो आणि उजवीकडे जातो.

हे ताडून पाहण्यासाठी मी बिनपिसांच्या बाणांची चाचणी केली. 18 मीटरवर पिसे लावलेले सहा आणि पिसे नसलेले तीन बाण एकाच साइटवर मारले. पिसे बाणाची चूक हवेत दुरुस्त करतात; ती काढली की चूक उघडी पडते. 600 चे तिन्ही उघडे बाण ग्रुपच्या डावीकडे जवळजवळ 35 सेंटिमीटरवर जाऊन रुतले. ही चाचणी करताना आधी वर-खालीचा फरक काढावा, असे मी आग्रहाने सांगेन : उघडा बाण वर गेला तर दोरीवरचा नॉकिंग पॉइंट (बाण अडकवण्याची जागा) खाली आहे, खाली गेला तर तो वर आहे. तो ठीक केल्याशिवाय डाव्या-उजव्याचा निष्कर्ष काढू नये. आणि एका दिवसाच्या चाचणीवर विसंबू नये; थकलेल्या खांद्याने मारलेले बाण वेगळेच काही सांगतात. जोवर आपले दोरी सोडणे बऱ्यापैकी स्थिर झालेले नाही, तोवर या चाचणीतून बाणापेक्षा आपलीच अस्थिरता मोजली जाते.

700 चे बाण मी 30 इंच लांबीचे, न कापलेले घेतले आणि 100 ग्रेनचे टोक बसवले, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. डझनातले फक्त तीन बाण आधी चाचणीसाठी तयार केले, बाकीचे नऊ तसेच ठेवले. पूर्ण लांबीवर उघडे बाण उजवीकडे सुमारे 25 सेंटिमीटर गेले, म्हणजे आता ते नरम पडत होते, आणि मला नेमके तेच हवे होते. नरम बाण कापून कडक करता येतो. कडक बाणाची लांबी वाढवता येत नाही. त्याला जड टोक लावता येते किंवा धनुष्याचा ताण वाढवता येतो, पण त्या दोन्हींना मर्यादा आहेत. प्रत्येक वेळी अर्धा इंच असे दोनदा कापून 29 इंचांवर आल्यावर फरक आठ सेंटिमीटर उरला, आणि प्लंजर थोडा घट्ट केल्यावर तो तीन-चार सेंटिमीटरवर आला. तिथे मी थांबले. उघडा बाण ग्रुपच्या अगदी आतच पडला पाहिजे, हा हट्ट माझ्या पातळीच्या तिरंदाजाने धरू नये असे माझे मत झाले आहे.

मध्ये दोन आठवडे मात्र गोंधळात गेले. एके दिवशी अचानक पिसांचे बाण पसरू लागले आणि उघडे बाण मात्र एकत्र पडू लागले. शेवटी बाणाच्या शेपटावर आणि रेस्टजवळ (बाण टेकतो त्या जागी) कोरडी पावडर मारून पाहिले, तेव्हा एक पीस रायझरला घासत असल्याची रेघ स्पष्ट उमटली. नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी बाणाची खाच, थोडा फिरवल्यावर ते थांबले. स्पाइनविषयी काहीही ठरवण्यापूर्वी ही पावडरची तपासणी करावी. मी ती उशिरा केली.

आता परिणामाविषयी. माझे चांगले बाण पूर्वीपेक्षा फार चांगले झाले, असे म्हणता येणार नाही. सुधारले ते वाईट बाण. पूर्वी 18 मीटरवर, 40 सेंटिमीटरच्या कागदावर, दोरी जरा ओढून सोडली गेली की बाण निळ्या कड्याबाहेर जात असे. आता तीच चूक झाली तर तो आतल्या लाल कड्यात राहतो. जुळलेला बाण लवकर सरळ होतो आणि माझी चूक वाढवत नाही. याचा मनावर झालेला परिणाम मला अधिक मोलाचा वाटतो : बाण बाहेर गेला की त्याचे कारण आता मला कळते. लांबच्या अंतरावर हा फरक आणखी जाणवतो, कारण डोलणारा बाण वाटेत वेग गमावतो आणि वाऱ्यालाही अधिक बळी पडतो.

सहाव्या महिन्यात मी बोल्ट आत फिरवून ताण 34 पाउंडांवर नेला. अपेक्षेप्रमाणे बाण पुन्हा नरम पडले आणि उघडे बाण उजवीकडे सुमारे 15 सेंटिमीटर गेले. सर्व बाणांतून अर्धा इंच कमी करून ते साडेअठ्ठावीस इंचांवर आणल्यावर जुळणी परत मिळाली. मध्यंतरी 120 ग्रेनचे टोकही लावून पाहिले होते. त्याने बाण आणखी नरम झाला आणि साइटच्या सगळ्या खुणा खाली सरकल्या, म्हणून ते काढून टाकले.

या बाणांत उणिवा नाहीत असे नाही. बारांपैकी एक बाण सतत एकाच बाजूला जात असे. त्याचा नॉक थोडा थोडा फिरवत नेल्यावर तो ग्रुपजवळ आला, पण पूर्ण विश्वासाचा झाला नाही, म्हणून तो सरावापुरताच ठेवला आहे. सोबत आलेले नॉक माझ्या दोरीवर घट्ट बसत होते. दोरीला हलकी टिचकी मारल्यावर बाण सुटून पडला पाहिजे. घट्ट नॉकमुळे चाचणीचे निकालही बदलतात, म्हणून मी दोरीच्या मधली गुंडाळी बारीक दोऱ्याने पुन्हा करून घेतली. लांब बाणांमुळे क्लिकर (पूर्ण ओढ झाली की टक् आवाज करणारी पट्टी) पुढे न्यावा लागला आणि त्यासाठी वेगळी पट्टी बसवावी लागली, हेही घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

कार्बनच्या बाणांविषयी एक गोष्ट ठामपणे सांगते. कापण्यासाठी वेगाने फिरणारी घासचकतीच वापरावी, लोखंड कापायची करवत नव्हे, आणि धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. टोक बसवताना गरम करायचे ते टोक, नळी नव्हे. प्रत्येक फेरीनंतर बाण हलका वाकवून आवाज ऐकावा. करकर आली की तो बाण मोडीत काढावा, कारण तडकलेला बाण सुटताना हातात घुसू शकतो. उघडे बाण तिरके रुतत असल्यामुळे त्यांना ही तपासणी अधिक लागते.

कंपाउंड (चाके असलेल्या) धनुष्यावर रिलीज, म्हणजे दोरी सोडण्याचे उपकरण, वापरणाऱ्यांना माझी डावी-उजवीकडची मापे लागू होणार नाहीत, कारण तिथे दोरी बोटांवरून घसरत नाही आणि बाणाचे वाकणे मुख्यतः वर-खाली होते. ताण प्रत्यक्ष मोजूनच बाण निवडावा, हे मात्र त्यांनाही तितकेच लागू आहे.

गेल्या आठवड्यात मी जुने 600 चे बाण 34 पाउंडांवर पुन्हा मारून पाहिले. उघडे बाण अजूनही डावीकडे जातात, पण 35 ऐवजी सुमारे 15 सेंटिमीटर. ते मी टाकलेले नाहीत. ताण 38 पाउंडांच्या आसपास पोहोचला की नवे काही घेण्यापूर्वी त्यांचीच चाचणी आधी करणार आहे.